ब्रँडचे नाव किती डोमेनांत राखायचे?

पनवेलच्या श्री धूतपापेश्वर या आयुर्वेदिक औषधे बनवणाऱ्या कंपनीची स्थापना १८७२ मधली. दीडशे वर्षांत हे नाव महाराष्ट्रातल्या वैद्यांच्या आणि औषध दुकानदारांच्या तोंडी बसले आहे. तेच नाव रोमन लिपीत लिहायला घेतले की प्रश्न सुरू होतात. 'धू'साठी एक 'यू' की दोन 'ओ', 'त'नंतर 'ए' द्यायचा की नाही, 'श्व'साठी 'डब्ल्यू' की 'व्ही'? एवढ्या तीनच ठिकाणी दोन-दोन पर्याय धरले तरी आठ स्पेलिंगे होतात. कंपनीची वेबसाइट एसडीएलइंडिया.कॉम या आटोपशीर पत्त्यावर आहे. औषध शोधणारा माणूस मात्र आपल्याला सुचेल त्या स्पेलिंगने पूर्ण नावच टाइप करणार.

आता या आठ स्पेलिंगांपुढे .कॉम, .इन, .को.इन, .ऑनलाइन, .स्टोअर, .शॉप, .हेल्थ अशी एक्स्टेंशने लावत जावे. गेल्या बारा-तेरा वर्षांत अशी बाराशेहून अधिक नवी एक्स्टेंशने इंटरनेटवर आली. सगळी काही सर्वांसाठी खुली नाहीत, पण खुली असलेलीही शेकड्यांनी आहेत. दुसऱ्या कुणी घेऊ नये एवढ्याचसाठी आपल्या नावाचे डोमेन स्वतःच घेऊन ठेवणे, याला बचावात्मक नोंदणी म्हणतात. ती करावी का आणि किती करावी, यावर ब्रँडमालक, डोमेन विकणाऱ्या कंपन्या, वकील आणि इंटरनेटची व्यवस्था पाहणाऱ्या संस्था यांच्यात दीर्घकाळ वाद चालू आहे. एक्स्टेंशनांच्या अर्जांची पुढची फेरी दारात असल्याने हा वाद कुठवर आला आहे, हे पाहायला हवे.

बावीस होती, बाराशे झाली

डोमेनांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या संचालक मंडळाने २० जून २०११ रोजी सिंगापूरच्या बैठकीत नव्या एक्स्टेंशनांना मंजुरी दिली. तोवर .कॉम, .नेट, .ऑर्ग धरून अवघी बावीस सर्वसाधारण एक्स्टेंशने होती. देशांची .इन, .यूके यांसारखी एक्स्टेंशने वेगळी. जानेवारी २०१२ मध्ये अर्ज घेणे सुरू झाले. एका अर्जाची फी १ लाख ८५ हजार डॉलर होती, तरीही १,९३० अर्ज आले. ऑक्टोबर २०१३ मध्ये पहिली चार एक्स्टेंशने प्रत्यक्षात आली. ती अरबी, सिरिलिक आणि चिनी लिपींतली होती.

या उलाढालीत मुंबईचाही वाटा आहे. भाविन आणि दिव्यांक तुरखिया या भावंडांच्या डायरेक्टी समूहातून रॅडिक्स ही कंपनी उभी राहिली आणि .ऑनलाइन, .स्टोअर, .टेक, .साइट अशी एक्स्टेंशने चालवू लागली. भारतीय बँका आणि उद्योगांनी स्वतःच्या नावाची एक्स्टेंशनेही मागितली. स्टेट बँकेला .एसबीआय मिळाले. टाटांना .टाटामोटर्स मिळाले, पण नुसते .टाटा मिळाले नाही, कारण मोरोक्कोत टाटा नावाचा प्रांत आहे आणि भौगोलिक नावासाठी तिथल्या शासनाची संमती लागते.

विरोध सुरुवातीपासून होता. अमेरिकेतल्या जाहिरातदारांच्या राष्ट्रीय संघटनेने २०११ मध्येच मोहीम उघडली. ग्राहकाला या नव्या पत्त्यांची गरज नाही आणि कंपन्यांना मात्र प्रत्येक नव्या दारावर आपले नाव विकत घ्यावे लागेल, असे तिचे म्हणणे होते. जगप्रसिद्ध नावांची एक यादी करून ती सर्व एक्स्टेंशनांत आपोआप राखीव ठेवावी, ही सूचना २००९ मध्ये पुढे आली आणि मागे पडली. एकच नाव वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या धंद्यांत, वेगवेगळ्या मालकांकडे असू शकते. मग यादीत कुणाला बसवायचे?

तडजोड म्हणून मार्च २०१३ मध्ये ट्रेडमार्क क्लिअरिंगहाउस सुरू झाले. ब्रँडमालकाने आपला ट्रेडमार्क तिथे वर्षाला साधारण दीडशे डॉलर भरून नोंदवायचा. नवे एक्स्टेंशन सुरू होताना 'सनराइज' नावाचा किमान तीस दिवसांचा काळ त्याला मिळतो आणि सर्वांसाठी विक्री खुली होण्याआधी तो आपले नाव घेऊ शकतो. त्यानंतर निदान नव्वद दिवस, कुणी ते नाव घ्यायला गेला तर त्याला आधी सूचना दाखवली जाते. मात्र ही सोय हुबेहूब जुळणाऱ्या नावापुरतीच आहे. धूतपापेश्वरसारख्या नावाचे एक स्पेलिंग नोंदवले तर उरलेल्या सातांना तिचा आधार नाही.

घेऊन ठेवा म्हणणारे

बचावात्मक नोंदणीची बाजू मांडणाऱ्यांचा पहिला मुद्दा पैशांचा आहे. साधे डोमेन काहीशे ते हजार-दोन हजार रुपयांत वर्षभरासाठी मिळते. तेच दुसऱ्याने घेतले आणि जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, म्हणजे वायपोकडे, तक्रार करायची ठरली, तर एक ते पाच डोमेनांसाठी एकसदस्यीय पॅनेलची फीच दीड हजार डॉलर आहे. वकिलाचा खर्च त्याहून वेगळा. २०२३ मध्ये वायपोकडे अशा ६,१९२ तक्रारी आल्या, यावरून हे दुखणे कल्पनेतले नाही हे उघड आहे.

दुसरा मुद्दा वेळेचा. तक्रारीचा निकाल लागायला साधारण दोन महिने जातात. ठगाला दोन दिवस पुरतात. तिसरा मुद्दा फारसा लक्षात घेतला जात नाही, पण तो सर्वांत वजनदार आहे. फसवायला वेबसाइट लागतेच असे नाही. मिळतेजुळते डोमेन घेऊन त्यावर फक्त ईमेल सुरू केली, की 'आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे रक्कम या खात्यात पाठवा' असे पत्र ग्राहकाला जाऊ शकते. वेबसाइट उभीच नसल्याने नेहमीच्या पाहणीत ते डोमेन दिसतही नाही. तळोजे आणि रसायनीच्या पट्ट्यातल्या निर्यातदार कारखान्यांचा बराचसा व्यवहार ईमेलवरच्या बिलांनी चालतो. तिथे एका अक्षराच्या फरकाने लाखोंची रक्कम भलतीकडे जाऊ शकते.

प्रतिष्ठेचा मुद्दाही आहे. २०११ मध्ये .एक्सएक्सएक्स आले तेव्हा अनेक विद्यापीठांनी आपली नावे निमूटपणे घेऊन ठेवली. २०१५ मध्ये .पॉर्न आणि .अॅडल्ट यायच्या वेळी गायिका टेलर स्विफ्टने आपल्या नावाची डोमेने आधीच घेतली, याची बातमी जगभर झाली. त्याच वर्षी .सक्स हे एक्स्टेंशन आले. सनराइजमध्ये ट्रेडमार्कमालकांसाठी त्याचा दर दोन हजार डॉलरच्या घरात ठेवला होता. ज्यांचे नाव आहे त्यांनाच इतका दर लावणे कायद्यात बसते का, अशी विचारणा खुद्द आयकॅनने अमेरिकेच्या आणि कॅनडाच्या ग्राहकविषयक यंत्रणांकडे केली होती.

एवढे कशाला म्हणणारे

समोरची बाजू गणितापासून सुरुवात करते. पाचशे एक्स्टेंशनांत एकेक डोमेन आणि प्रत्येकी वीस डॉलर धरले, तरी वर्षाला दहा हजार डॉलर होतात. तेही एका स्पेलिंगचे. आठ स्पेलिंगांचे ऐंशी हजार. शिवाय हा खर्च एकदा करून संपत नाही. एका वर्षी नूतनीकरण राहिले की नाव पुन्हा बाजारात येते आणि कधीकाळी खऱ्या मालकाकडे असलेले नाव ठगाच्या जास्त उपयोगाचे असते.

प्रत्यक्षात कुणी एवढे घेतच नाही, हेही आता मोजून झाले आहे. आयकॅनने नेमलेल्या स्पर्धा आणि ग्राहकविश्वास या विषयांवरच्या आढावा गटाचा अहवाल सप्टेंबर २०१८ मध्ये आला. जुन्या एक्स्टेंशनांत नोंदलेल्या ज्या ट्रेडमार्कांचा नमुना तपासला, त्यांतल्या ५४ टक्क्यांची नव्या एक्स्टेंशनांत निदान एक नोंद होती. अशा ट्रेडमार्कांमागे नोंदींचा मध्यक होता तीन. त्यांतल्या तीन चतुर्थांशांनी सात किंवा त्याहून कमी नव्या एक्स्टेंशनांत नाव घेतले होते. शंभर किंवा अधिक ठिकाणी नाव घेणारे चारच टक्के. म्हणजे जाहिरातदारांनी वर्तवलेले संकट सरसकट आले नाही. काही थोड्या मोठ्या ब्रँडांवर मात्र भार पडला आणि तो चांगलाच पडला.

या बाजूचा दुसरा युक्तिवाद ठगांच्या रीतीवरून येतो. ते ब्रँडच्या नावाला 'डीलरशिप', 'फ्रँचायझी', 'करिअर', 'लकी ड्रॉ', 'केअर' असे शब्द जोडतात, आणि पुष्कळदा .कॉम किंवा .इनच घेतात, कारण लोकांचा विश्वास त्यांवर आहे. वायपोकडच्या तक्रारींतही मोठा हिस्सा अजून .कॉमचाच असतो. जोडशब्दांना अंत नाही. सगळी एक्स्टेंशने विकत घेतली तरी हे दार उघडेच राहते.

नव्या एक्स्टेंशनांत गैरवापर नाही, असा याचा अर्थ नाही. डेल्फ्ट विद्यापीठ आणि नेदरलँड्सची डोमेन संस्था यांनी आयकॅनसाठी केलेल्या २०१७ च्या अभ्यासात, स्पॅमसाठी वापरल्या जाणाऱ्या डोमेनांचे प्रमाण नव्या एक्स्टेंशनांत जुन्यांपेक्षा कितीतरी जास्त आढळले. पण ते सर्वत्र सारखे नव्हते. जिथे डोमेन कवडीमोलाने मिळत होते आणि नोंदणीला अट नव्हती, तिथे उपद्रव एकवटला होता.

डोमेन विकणाऱ्यांचे म्हणणेही इथेच नोंदवले पाहिजे, कारण ब्रँडमालकांच्या चर्चेत ते बाजूला पडते. .कॉममधली सोपी, आखूड नावे कधीच संपली. खारघर किंवा कामोठ्यात नवे दुकान काढणाऱ्या मुलीला .स्टोअर किंवा .शॉपमध्ये स्वच्छ नाव मिळते. मोठ्या ब्रँडांनी सगळीकडे नावे अडवून ठेवली, तर ज्यांच्यासाठी जागा वाढवली त्यांनाच ती मिळणार नाही. क्लिअरिंगहाउसची सूचना पाहून सुमारे ९४ टक्के नोंदणीचे प्रयत्न सोडून दिले गेले, असे एका अभ्यासात दिसले. त्यात किती ठग घाबरले आणि किती प्रामाणिक माणसे विनाकारण मागे हटली, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही.

कुंपण घालणारे

या दोन टोकांमध्ये एक तिसरी भूमिका तयार झाली आहे. तिचे एक रूप बाजारातले आहे. अनेक एक्स्टेंशने चालवणाऱ्या कंपन्या एकरकमी वार्षिक शुल्क घेऊन, आपल्या सर्व एक्स्टेंशनांत एखादे नाव अडवून ठेवतात. डोनट्स या कंपनीने ही पद्धत आणली. २०२४ मध्ये आलेल्या ग्लोबलब्लॉक या सेवेत शेकडो एक्स्टेंशने एकत्र झाली. एकेक डोमेन घेण्यापेक्षा हे स्वस्त आणि सुटसुटीत पडते. तरी शुल्क हजारो डॉलरांत असते, आणि ज्यांच्यामुळे धोका तयार झाला त्यांनाच संरक्षणाचे पैसे का द्यायचे, हा ब्रँडमालकांचा जुना आक्षेप इथेही कायम राहतो.

दुसरे रूप नियामकाचे आहे, आणि त्याचे सर्वांत मोठे उदाहरण भारतातच घडले. ७ फेब्रुवारी २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी बँकांसाठी .बँक.इन हे वेगळे डोमेन जाहीर केले. २२ एप्रिलच्या परिपत्रकाने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिथे जाण्यास सांगितले. या पत्त्यांची नोंदणी फक्त हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था करते. ती बँकेखेरीज कुणालाही नाव देत नाही. बिगरबँक वित्त कंपन्यांसाठी .फिन.इन योजले आहे. नियम सहकारी बँकांनाही लागू असल्याने मुंबईतल्या बड्या बँका आणि पनवेल को-ऑपरेटिव्ह अर्बन बँक एकाच रांगेत आल्या. स्वतःचे .एसबीआय असलेली स्टेट बँकही एसबीआय.बँक.इनवर आली.

ही कल्पना बचावात्मक नोंदणीच्या अगदी उलट दिशेने जाते. ठगाच्या वाटेतली सगळी नावे अडवत बसण्याऐवजी, खऱ्याची एकच खूण ग्राहकाला शिकवायची. स्पेलिंग चुकले तरी शेवटी .बँक.इन नसेल तर ते बँकेचे पान नव्हे, एवढे कळले की पुरे. सफाईने इंग्रजी न वाचणाऱ्या खातेदारालाही हे लक्षात ठेवता येते आणि हाच या व्यवस्थेचा मोठा गुण आहे. तरी जुने पत्ते सोडून देता येत नाहीत. ते पासबुकांवर, दिनदर्शिकांवर, ग्राहकांच्या फोनमध्ये वर्षानुवर्षे राहतात, म्हणून बँकांना जुन्या डोमेनांचे नूतनीकरण करत राहावे लागेल. कुंपणाच्या आत गेल्यावरही बचावात्मक नोंदणीचा थोडा अंश उरतोच.

पनवेलकरांना बंद आणि खुल्या पत्त्यांतल्या या भेदाचा रोज अनुभव येतो. सिडकोचे मुख्य संकेतस्थळ महाराष्ट्र शासनाच्या .गव्ह.इन या बंद आवारात आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'माझे पसंतीचे सिडकोचे घर' या योजनेत २६ हजार घरे काढली, तेव्हा अर्जांचा पत्ता मात्र सिडकोहोम्स.कॉम असा खुल्या एक्स्टेंशनमधला होता. १ ऑक्टोबर २०१६ रोजी झालेली पनवेल महापालिकाही लोकांना पनवेलकॉर्पोरेशन.कॉम या पत्त्याने माहीत झाली. दोन्ही पत्ते खरे आहेत. पण नुसत्या एक्स्टेंशनवरून खरे-खोटे ठरवायची सोय त्यांत नाही, आणि तळोज्यातल्या घरासाठी आयुष्याची पुंजी भरणाऱ्या अर्जदाराला ती हवी असते.

न्यायालये काय म्हणतात

खरेदी करावी की नाही, हे शेवटी कायदा किती लवकर आणि किती दूर हात पोहोचवतो यावर ठरते. भारतात डोमेनांसाठी स्वतंत्र कायदा नाही. १९९९ मध्ये दोन निकाल आले. दिल्ली उच्च न्यायालयाने याहूइंडिया.कॉमच्या प्रकरणात याहूच्या बाजूने मनाई हुकूम दिला, तर मुंबई उच्च न्यायालयाने रेडिफच्या तक्रारीवरून, एका अक्षराने वेगळ्या असलेल्या रॅडिफ.कॉमला रोखले. २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डोमेनला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, हे स्पष्ट केले. .इनसाठी वेगळी तंटा-निवारण पद्धत आहे. आंतरराष्ट्रीय नियमात नोंदणी आणि वापर ही दोन्ही बदहेतूने झाली, असे दाखवावे लागते. .इनच्या नियमात दोहोंपैकी एक पुरते.

घेऊन ठेवावे की नंतर भांडावे, या प्रश्नावर सर्वांत थेट प्रकाश टाकणारे निकाल अलीकडचे आहेत. २०२० मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हरच्या नावाने बनावट वेबसाइटी निघाल्या, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या, अधिकारांची सीमा समजावून दिली. नोंदणी यंत्रावर आपोआप होते. रजिस्ट्रार ती निलंबित करू शकतो, पण त्या पत्त्यावर जाण्याचा रस्ता अडवणे त्याच्या हातात नाही.

एप्रिल २०२२ मध्ये स्नॅपडीलने दिल्ली उच्च न्यायालयाकडे याहून मोठी मागणी केली. 'स्नॅपडील' हा शब्द असलेले कोणतेही डोमेन रजिस्ट्रारांनी यापुढे विकूच नये, असे तिचे म्हणणे होते. न्यायमूर्ती सी. हरिशंकर यांनी ती नाकारली. भविष्यात येणाऱ्या प्रत्येक नावाला आधीच बंदी घालता येत नाही, प्रत्येक डोमेन वेगळे तपासावे लागेल, असे त्यांनी म्हटले. त्याच निकालात त्यांनी रजिस्ट्रारांनाही मोकळे सोडले नाही. एक नाव शिल्लक नसेल तर त्याच्याशी मिळतीजुळती नावे सुचवून पैसे कमावणाऱ्याला, आपण निव्वळ मध्यस्थ आहोत म्हणून हात झटकता येणार नाहीत. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या तर ब्रँडमालकासमोरचे चित्र समजते. सरसकट संरक्षण न्यायालयातून मिळणार नाही, मात्र विकणाऱ्याची जबाबदारी वाढत चालली आहे.

छोट्या मराठी ब्रँडांचे काय

जगभरची चर्चा हजारो डोमेने बाळगणाऱ्या कंपन्यांभोवती फिरते. पनवेल, अलिबाग, सांगलीच्या मसालेवाल्यांची, सराफांची, औषधवाल्यांची अडचण वेगळी आहे. त्यांच्यापैकी अनेकांचा ट्रेडमार्क नोंदलेला नसतो, किंवा नोंदला असेल तर चित्रासह लेबल म्हणून. क्लिअरिंगहाउसला शब्द लागतो. चित्रात शब्द ठळक आणि स्वतंत्र नसेल तर ते नोंद नाकारू शकते. म्हणून अशा व्यावसायिकाने दहा एक्स्टेंशने घेण्याआधी आपले नाव शब्दरूपात ट्रेडमार्क करून घेणे अधिक शहाणपणाचे. छोट्या उद्योगाला एका वर्गासाठी ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ४,५०० रुपये आहे. वायपोकडे असो वा .इनच्या लवादाकडे, भांडायची वेळ आली तर हाच कागद पहिला मागितला जातो.

त्यानंतर स्पेलिंगे. मराठी नावांबाबत एक्स्टेंशनपेक्षा स्पेलिंगांवर खर्च करणे जास्त फळते, असे या सगळ्या माहितीवरून म्हणता येईल. .कॉम आणि .इनमध्ये लोक खरोखर टाइप करतात अशी दोन-तीन स्पेलिंगे घेतली, ती सगळी मुख्य पत्त्याकडे वळवली, नूतनीकरणाची जबाबदारी कंपनीच्या नावावर आणि एका जबाबदार माणसाकडे ठेवली, तर धोक्याचा मोठा भाग आटोक्यात येतो. डोमेन वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या नावावर राहणे ही छोट्या धंद्यातली नेहमीची चूक आहे. तो माणूस शहर सोडून गेला की स्वतःचेच नाव परत मिळवायला धावाधाव होते.

अजून न सुटलेले

आयकॅनने नव्या एक्स्टेंशनांच्या अर्जांसाठी ३० एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली आणि फी २ लाख २७ हजार डॉलर केली. या फेरीतून किती एक्स्टेंशने येतील, त्यांतली किती सर्वांसाठी खुली असतील आणि ती बाजारात कधी दिसतील, यावर ब्रँडमालकांचा पुढच्या दहा वर्षांचा खर्च अवलंबून आहे. स्वतःचे एक्स्टेंशन घेणे हा उपाय सर्वांना लाभला नाही, हेही पहिल्या फेरीत दिसले. मॅकडोनाल्ड्ससारख्या कंपनीने घेतलेले एक्स्टेंशन परत केले.

मालकाची माहिती कुणाला पाहता यावी, हा दुसरा अडलेला मुद्दा. मे २०१८ मध्ये युरोपचा खासगीपणाचा कायदा लागू झाल्यापासून डोमेन कुणी घेतले, हे बहुतेक ठिकाणी झाकले जाते. सामान्य माणसाच्या पत्त्याचे आणि फोन नंबरचे रक्षण व्हायला हवे, यात दुमत नाही. पण डाबरसारख्या कंपन्यांनी बनावट फ्रँचायझी वेबसाइटींविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात नेलेल्या प्रकरणांतून दिसले, की प्रतिवादी कोण हेच कळत नसल्याने दावा 'अशोक कुमार' या काल्पनिक नावावर लावावा लागतो. खासगीपण आणि ओळखपडताळणी यांचा मेळ कुठे बसवायचा, यावर एकमत नाही.

तिसरा मुद्दा देवनागरीचा, आणि तो मराठी वाचकाच्या जवळचा. .भारत हे एक्स्टेंशन ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीत आले. मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी धरून आठ भाषांसाठी ते आहे. पहिल्याच फेरीत देवनागरीतले .कॉम, .नेट आणि .संगठन यांनाही मान्यता मिळाली. देवनागरीत 'धूतपापेश्वर' लिहिताना रोमनसारखी आठ स्पेलिंगे होत नाहीत, हा मोठा फायदा. पण ऱ्हस्व-दीर्घाची चूक होतेच, आणि छोट्या पडद्यावर एकसारखी दिसणारी जोडाक्षरे, अनुस्वार-चंद्रबिंदूंचा घोळ यांमुळे नवे सारखेपण तयार होते. देवनागरी पत्त्यांचा वापर आज मर्यादित असल्याने त्यांत नाव राखण्याची घाई ब्रँडमालकांना वाटत नाही. बोलून शोधणाऱ्या मराठी ग्राहकांची संख्या वाढली आणि फोन त्यांचे बोलणे देवनागरीत उतरवू लागला, तर हा हिशेब बदलेल. तेव्हा रोमन ट्रेडमार्कच्या आधारे देवनागरी डोमेनवर हक्क सांगता येईल का, आणि एका अक्षराच्या ऱ्हस्व-दीर्घाला लवाद मिळतेजुळते नाव मानतील का, हे प्रश्न पनवेलच्या कंपनीइतकेच प्रत्येक मराठी ब्रँडपुढे येतील.